रुपया स्वतंत्र होताना: फोर्टमधील एका हेरिटेज वॉकविषयी

देशाच्या स्वातंत्र्याला एक तारीख असते, पण खजिना, चलन, मध्यवर्ती बँक आणि परकीय गंगाजळी यांचा कारभार आपल्या हाती यायला वर्षे जातात. वसाहतीच्या राजवटीतून बाहेर पडलेल्या बहुतेक देशांना भेडसावलेला हा प्रश्न फोर्टच्या रस्त्यांवरून चालत, रुपयाच्या आधाराने समजावून सांगणारा एक हेरिटेज वॉक सध्या मुंबईत मराठीतून घेतला जातो. गेटवे ऑफ इंडियापासून निघून हॉर्निमन सर्कल, टाऊन हॉल, टांकसाळ आणि तिच्यासमोरील रिझर्व्ह बँकेची जुनी इमारत असा त्याचा मार्ग आहे, आणि शेवट सर फिरोजशहा मेहता रस्त्यावरील रिझर्व्ह बँकेच्या चलन संग्रहालयात होतो. मुंबईत हेरिटेज वॉकना तोटा नाही, परंतु त्यांतील बरेचसे कमानी, घुमट आणि दगडांचे प्रकार यांपलीकडे जात नाहीत. या वॉकमध्ये इमारती केवळ निमित्तापुरत्या आहेत, आणि तेच मला सर्वांत आवडले.

गेटवेजवळ मार्गदर्शक बाई २८ फेब्रुवारी १९४८ या दिवसापासून सुरुवात करतात. सॉमरसेट लाइट इन्फन्ट्री ही ब्रिटिशांची शेवटची पलटण त्या दिवशी याच कमानीतून बोटीकडे गेली. हा प्रसंग अनेकांना ठाऊक असतो. त्याच दिवशी पाकिस्तानची मध्यवर्ती बँक म्हणून काम कोण पाहत होते, या त्यांच्या पुढच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आमच्या गटात फारसे कोणाला देता आले नाही. ते काम मुंबईची रिझर्व्ह बँकच पाहत होती. फाळणीच्या वेळी ठरलेल्या व्यवस्थेनुसार दोन्ही देशांचे चलन काही काळ एकाच बँकेने सांभाळायचे होते, आणि ही मुदत ३० सप्टेंबर १९४८ पर्यंत होती. परस्परांवरील अविश्वास इतका वाढला की ती अलीकडे आणावी लागली आणि १ जुलै १९४८ रोजी स्टेट बँक ऑफ पाकिस्तान सुरू झाली.

या अविश्वासाचे मूळ बाई हॉर्निमन सर्कलच्या बागेत सावकाश उलगडून सांगतात. अविभाजित सरकारच्या सुमारे ४०० कोटी रुपयांच्या रोख शिलकीतून पाकिस्तानच्या वाट्याला ७५ कोटी आले. त्यांतील २० कोटी लगेच दिले गेले, पण उरलेले ५५ कोटी काश्मीरमधील लढाईमुळे रोखून धरण्यात आले. गांधीजींचे उपोषण सुरू असताना, १५ जानेवारी १९४८ रोजी, ते देण्याचा निर्णय झाला. ही हकिगत आपल्याकडे बहुधा वादाच्या सुरात सांगितली जाते. येथे ती, नुकत्याच उभ्या राहिलेल्या सरकारला पहिल्या काही महिन्यांचे पगार कोठून द्यायचे, या अंगाने सांगितली जाते, आणि त्यामुळे ऐकणारा चिडण्याऐवजी विचार करू लागतो.

यानंतर बाई एका नोटेची मोठी प्रतिकृती सर्वांच्या हाती देतात. नोट नाशिकरोडच्या छापखान्यातली, तिच्यावर राजा सहावा जॉर्ज आणि सही रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांची. फक्त वॉटरमार्कच्या कोऱ्या जागेत वर इंग्रजीत ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ आणि खाली उर्दूत ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’ असे छापलेले. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेल्या, बँकेच्या पहिल्या भारतीय गव्हर्नरांची सही असलेल्या या नोटा एप्रिल १९४८ पासून पाकिस्तानात चालत होत्या. स्वतःचा छापखाना नसताना नवा देश कसा चालवतात, हे या एका कागदावरून जितके कळते तितके लांबलचक व्याख्यानातून कळले नसते.

आपली स्थितीही फार निराळी नव्हती. बाईंनी आणलेल्या नाण्यांत १९४७ चा निकेलचा रुपया होता, त्याच्या एका बाजूला राजा आणि दुसऱ्या बाजूला वाघ. शेजारी १९५० चा रुपया ठेवला, की राजाच्या जागी सारनाथची सिंहमुद्रा आणि वाघाच्या जागी धान्याची कणसे दिसतात. राजाचे चित्र लगेच का काढले नाही, असे एका तरुणाने विचारले, तेव्हा नवे साचे, नव्या प्लेटा, चलनातला जुना साठा आणि नव्या चिन्हाची निवड या सगळ्याला लागणारा वेळ त्यांनी नीट समजावून दिला. नोटेवर गांधीजींचे चित्र घालण्याचा विचार झाला होता, तशी संकल्पचित्रेही तयार होती, पण अखेर सिंहमुद्रेवर एकमत झाले. रिझर्व्ह बँक तोवर खाजगी भागधारकांची होती आणि १ जानेवारी १९४९ रोजी तिचे राष्ट्रीयीकरण झाले, हेही याच ओघात येते.

दशमान पद्धतीचा भाग टांकसाळीसमोर होतो आणि तो अप्रतिम आहे. १ एप्रिल १९५७ पासून सोळा आण्यांच्या रुपयाचे १०० नवे पैसे झाले, म्हणजे एक आणा सव्वासहा नव्या पैशांचा. सरकारी कोष्टकाप्रमाणे एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा आणि तीन आण्यांचे एकोणीस नवे पैसे धरायचे. म्हणून आण्याच्या तीन वस्तू सुट्या घेतल्या तर अठरा आणि एकत्र घेतल्या तर एकोणीस नवे पैसे पडत. दोघांना दुकानदार आणि गिऱ्हाईक करून बाई हा व्यवहार प्रत्यक्ष करायला लावतात. गटातील एका आजोबांनी लहानपणी वाण्याच्या दुकानात टांगलेल्या कोष्टकाची आठवण सांगितली, आणि बाईंनी त्यांना मध्येच न थांबवता पूर्ण बोलू दिले.

आखातातील रुपयाची गोष्टही येथेच येते. कुवेत, बहरीन, कतार येथे भारतीय रुपयाच चालत असे. त्या रुपयांत घेतलेले सोने चोरट्या मार्गाने मुंबईच्या किनाऱ्यावर उतरे, आणि ते रुपये परत घेताना परकीय चलन मोजावे लागल्याने भारताची परकीय गंगाजळी झिजत जाई. त्यामुळे १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढाव्या लागल्या.

उणिवा मात्र सांगितल्या पाहिजेत. युद्धकाळात ब्रिटनकडे साठलेली आपली स्टर्लिंग शिल्लक, म्हणजे पौंडांतील येणे रक्कम, हा या साऱ्या विषयाचा कणा आहे. आपलेच पैसे आपल्याला हवे तेव्हा वापरता येत नव्हते, आणि त्यासाठी लंडनशी वाटाघाटी कराव्या लागत होत्या. त्याला दोन वाक्यांत उरकणे मला पटले नाही. इतर देशांशी तुलनाही अगदी शेवटी, सगळे थकलेले असताना येते. १९५७ मध्ये स्वतंत्र झालेल्या घानाला पुढच्या वर्षापर्यंत लंडनहून चालणाऱ्या वेस्ट आफ्रिकन करन्सी बोर्डाच्याच नोटा वापराव्या लागल्या. १९५८ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रसमूहात राहायला नकार देणाऱ्या गिनीतून फ्रेंच अधिकारी कागदपत्रे आणि साहित्यासह निघून गेले, आणि १९६० मध्ये तिने स्वतःचे चलन काढले. ही उदाहरणे हॉर्निमन सर्कलच्या सावलीतच सांगितली असती, तर आपली अडचण एकट्या आपली नव्हती हे ठसले असते. शिवाय शहीद भगतसिंग मार्गावरील वाहतुकीत बाईंच्या गळ्यातला छोटा स्पीकर पुरत नाही. मागे राहिलेल्यांना अर्धे ऐकूच येत नाही. आयोजकांनी गट लहान ठेवावा किंवा कानातले रिसीव्हर द्यावेत. शुल्क पाहता ही अपेक्षा गैर नाही.

संग्रहालय सोमवारी आणि बँकांच्या सुट्टीच्या दिवशी बंद असते, त्यामुळे नोंदणी करताना शेवटचा टप्पा त्या दिवशी आहे ना, हे विचारून घ्यावे. नववी-दहावीच्या मुलांना जरूर न्यावे. त्याहून लहान मुले नाण्यांपाशी रमतात, पण फाळणीच्या हिशेबाच्या वेळी कंटाळतात. आत गेल्यावर १९५४ ची पाच हजारांची नोट कोठे पाहायला मिळेल, हे विचारायला विसरू नये, कारण तिच्यावर गेटवे ऑफ इंडिया आहे.