प्रागमध्ये युरो बदलताय? पावती जपून ठेवा

पॅरिस, बर्लिन करून स्वस्तातल्या बसने प्राग गाठणारे आपल्याकडचे बरेच जण आहेत. चेक प्रजासत्ताक शेंगेनमध्ये असल्यामुळे व्हिसा तोच चालतो. चलन मात्र युरो नाही, कोरुना. फसवणाऱ्यांचं दुकान नेमकं या फरकावर चालतं.

2023 च्या उन्हाळ्यात मी, नवरा, दीर आणि जाऊ असे चौघे गेलो होतो. जुन्या गावच्या चौकाजवळ पैसे बदलून देणाऱ्या खिडकीवर ठसठशीत अक्षरांत ‘0% कमिशन’ लिहिलेलं होतं. दीर म्हणाले, “वहिनी, इथेच बदलून टाकू, बँक शोधत कुठे फिरायचं?” 200 युरो आत गेले आणि 3,300 कोरुना बाहेर आले. त्या दिवसांत युरोला साधारण 24 कोरुना मिळायचे, म्हणजे 4,800 च्या आसपास यायला हवे होते. कमिशन खरोखरच शून्य होतं. कापलं होतं ते दरात, आणि 16.50 हा आकडा पावतीवर मुंगीएवढ्या अक्षरात. आपले साडेपाच हजार रुपये उभ्या उभ्या गेले. एवढ्यात चौघांचं दोन वेळचं जेवण आरामात झालं असतं.

संध्याकाळी हॉस्टेलच्या काउंटरवरच्या मुलीने पावती पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, “किती वाजता बदलले?” एप्रिल 2019 पासून तिथे कायदा आहे: 1,000 युरोपर्यंतची रक्कम बदलली असेल, तर तीन तासांच्या आत पावती दाखवून व्यवहार रद्द करता येतो. कारणसुद्धा सांगावं लागत नाही. आमची पावती सकाळी अकराची होती, त्यामुळे ते पैसे बुडाले ते बुडालेच.

पण जाऊबाईंनी दुपारी चारनंतर चार्ल्स पुलाजवळ दुसऱ्या एका खिडकीवर वेगळे 100 युरो बदलले होते. त्यांचे तीन तास भरायचे होते. तडक तिथे गेलो. आतल्या माणसाला आधी इंग्रजीच समजेना. मग गल्ला बंद झाला, मग मॅनेजर बाहेर गेला. जाऊ खिडकीला चिकटून उभी. “पैसे घेतल्याशिवाय मी इथून हलत नाही,” हे तिने त्याला चक्क मराठीत सुनावलं! मागे रांग वाढत चाललेली. नवऱ्याने फोनवर चेक नॅशनल बँकेचं पान उघडून काचेला लावलं. या खिडक्यांवर देखरेख त्याच बँकेची असते. त्यासरशी खणातून व्यवहार रद्द करायचा छापील फॉर्म निघाला. गठ्ठाच होता तिथे. सही केली, सगळे कोरुना परत दिले आणि 100 युरो हातात पडले.

रस्त्यात गाठून “चांगला दर देतो” म्हणणाऱ्याशी तर बोलूच नका. खिडकीवाला निदान खरे कोरुना देतो आणि त्याच्याविरुद्ध पावती असते. रस्त्यावरचे हे लोक कोरुना म्हणून बेलारूसच्या जुन्या रुबलच्या नोटा खपवतात. बेलारूसने 2016 मध्ये चलनातली चार शून्यं उडवली, तेव्हाच्या त्या बाद नोटा. नवख्या माणसाला नोटेवरची लिपी कळत नाही, शून्यं तेवढी दिसतात, आणि तोवर नोटा देणारा गर्दीत पसार झालेला असतो.

मग पैसे कसे घ्यायचे? बहुतेक ठिकाणी कार्ड चालतं. रोख हवीच असेल तर बँकेच्या शाखेला लागून असलेलं एटीएम बघा. युरो भरलेलं फॉरेक्स कार्ड कोरुनात वापरलं तर वेगळा चार्ज लागतो, तो निघण्याआधी आपल्या बँकेला विचारून घ्या. पर्यटकांच्या गल्लीतल्या सुट्या एटीएमवर पडद्यावर रुपयांत किंवा युरोत हिशेब करून दाखवतात आणि तो स्वीकारायला सांगतात. तो दर त्या मशीनवाल्याचा असतो, तुमच्या बँकेचा नव्हे. तिथे नकाराचं बटण दाबायचं. ते दाबलं की व्यवहारच रद्द होईल असं वाटावं, अशीच त्या पडद्याची मांडणी असते. होत काही नाही, नोटा येतात.