काड्या पाण्यात, अकरा हजार खड्ड्यात

आरओ, म्हणजे पाणी शुद्ध करायचं मशीन, विकणाऱ्यांची ती काड्यांची जुनी युक्ती: वीज जोडलेल्या लोखंडी काड्या पाण्यात बुडवायच्या, रंग बदलला की म्हणायचं, बघा किती घाण! तुम्हाला ठाऊक असेल. मलाही होती. पण हा माणूस आरओ विकायला नाही, माशांच्या दुकानातून आमची माशांची टाकी साफ करायला आला होता, म्हणून गाफील राहिलो.

वाघोलीत आमच्याकडे बोअरचं पाणी, नळांवर पांढरा थर. त्याने टीडीएस मीटर बुडवला. 640. "सर, हार्डनेस 640! गप्पी महिनाभर टिकणार नाहीत." अहो, तेच गप्पी तीन वर्षं त्याच पाण्यात पिल्लं घालत होते! आणि टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं, हार्डनेस (पाण्याचा जडपणा) नव्हे; त्यात मीठसुद्धा मोजलं जातं.

मग दोन ग्लास. एकात बोअरचं पाणी, दुसऱ्यात त्याने आणलेलं आरओचं. काड्या बुडवण्याआधी त्याने फडक्याने पुसल्या. फडक्यावर गंजाचे डाग होते. मी ते पाहिले! बोअरचं पाणी तांबडं-काळं झालं तेव्हा बायको म्हणालीसुद्धा, "अहो, हे काड्यांतूनच निघतंय ना?" मी तिलाच गप्प केलं. मी, अकरावीला केमिस्ट्री शिकवणारा! आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नाहीत, वीज फारशी वाहत नाही, लोखंड फारसं झिजत नाही. दरवर्षी फळ्यावर काढतो हे.

पण रात्रीचे साडेनऊ, लेक रडतेय, "बाबा, मासे मरणार." काय करणार होतो?

मशीन 8,900, 'हार्डनेस ओढणारं' चुंबक 1,750, फिटिंग 350. यूपीआयने 11,000. बिल वहीच्या कागदावर. पक्कं बिल नसेल तर दमडी देऊ नका.

त्याच्या सांगण्यावरून जवळजवळ अख्खी टाकी आरओच्या पाण्याने भरली. दोन दिवसांत 17 पैकी 14 गप्पी गेले. गप्पींना जड पाणीच मानवतं. नंतर हार्डनेस मोजायचं 650 रुपयांचं थेंबांचं किट आणलं. 5 मिली पाणी, केशरीचं हिरवं होईपर्यंत थेंब मोजायचे. एक थेंब म्हणजे हार्डनेसची एक डिग्री, म्हणजे 17.8 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग). बोअरचं पाणी 16 थेंबांत हिरवं झालं, सुमारे 285. आधी किट, मग खरेदी!

दुकानदार म्हणतो, तो आमचा माणूसच नाही. चौकीत विचारलं, "मासे केवढ्याला?" वीसला एक. "मग 280 रुपयांची तक्रार लिहू?" सगळे हसले. मशीनचं काय, तर म्हणे तुम्ही स्वखुशीने घेतलंत. पक्कं बिल असतं तर ग्राहक तक्रार सोपी गेली असती. पाणीखात्यात गेलो, तर बोअर तुमची, पाणी तुमचं! यूपीआयला नाव आहे, नंबर आहे, कुणाला एक फोन लावावासा वाटला नाही.

लाजेने महिनाभर सोसायटीत बोललो नाही. तेवढ्यात बी विंगमधल्या काकूंनी त्यालाच 9,500 मोजले.