परत पाठवू की ठेवू? ऑनलाइन घेतलेल्या फिशटँकच्या सामानाचा हिशेब

कॅनिस्टर फिल्टर, म्हणजे टाकीखाली ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर, घरी आला, जोडला आणि घरघरायला लागला. परतीची मुदत चालू आहे, खोका अजून कोपऱ्यात पडलाय, आणि घरातलं कुणीतरी 'दे पाठवून' म्हणतंय. अशा वेळी मी दोन गोष्टी बघतो. बिघाड घरी किंवा जवळच्या दुकानात सुटतो का? आणि नाही सुटला तर फटका कुणाला बसणार, माशांना, फरशीला की फक्त आपल्या कानांना? ही उत्तरं वस्तूगणिक बदलतात, त्यामुळे सगळ्या सामानाला एकच नियम लावून चालत नाही.

फिल्टर : आवाज, गळती आणि धार

आवाजावरून फिल्टर परत करणारे बरेच जण घाई करतात. नव्या कॅनिस्टरमध्ये हवा अडकलेली असते. स्पंज आणि सिरॅमिक रिंगांच्या पोटातली हवा पूर्ण निघायला एक-दोन दिवस जातात. डबा आधी पाण्याने भरून मग जोडा, चालू असताना हळूच तिरका करा, बुडबुडे निघून जातील. तरी खडखड राहिली तर प्लग काढून इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारा फिरता भाग, बाहेर ओढा. चुंबकाचा छोटा दंडगोल, त्याच्या डोक्यावर पाती आणि मधून जाणारी सिरॅमिकची बारीक कांडी. घरात, म्हणजे इंपेलर बसतो त्या खाचेत, थर्मोकोलचा एखादा दाणा किंवा प्लास्टिकची कातळी सापडली तर काम तिथेच संपलं, फिल्टर ठेवा. कांडी मोडली असेल तर मात्र विचार करायला हवा. त्या मॉडेलची कांडी तुमच्या गावात मिळत असेल तर ठेवायला हरकत नाही. मिळत नसेल तर परत, कारण पुढच्या वर्षी पुन्हा मोडली तर अख्खा फिल्टर भंगारात जाईल.

गळतीचंही तसंच. झाकणाखालची रबरी ओ-रिंग खाचेत नीट बसलेली नसते, पिळलेली असते किंवा तिच्यावर केस, वाळूचा कण असतो. पुसा, सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा, पुन्हा बसवा आणि खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद घालून रात्रभर चालवा. सकाळी कागद कोरडा असला तर चिंता नाही. डब्याला किंवा नळीच्या जोडाला तडा असेल तर सिलंट लावत बसू नका. कॅनिस्टर टाकीच्या खाली ठेवलेला असतो, तिथली गळती म्हणजे पाणी थेट कपाटात आणि खालच्या एक्स्टेन्शन बोर्डावर.

धार कमी पडणं हा प्रकार वेगळा आहे, कारण त्याला घरगुती उपाय नाही. खोक्यावर लिहिलेला ताशी लिटरचा आकडा मीडिया, म्हणजे आतले स्पंज आणि रिंगा, न भरता आणि पाणी वर न चढवता मोजलेला असतो. पंपाच्या लेबलावर 'एच-मॅक्स' नावाचा आकडा असतो, समजा १.२ मीटर. त्या उंचीला धार शून्य होते. कॅनिस्टरमध्ये खाली उतरणारं पाणी वर जाणाऱ्या पाण्याचा भार तोलतं, पण नळ्यांतून आणि भरलेल्या मीडियातून पाणी ढकलण्यात ताकद जातेच. म्हणून बादलीने मोजा. १० लिटरची बादली भरायला एक मिनिट लागलं तर ताशी ६०० लिटर. टाकीतलं पाणी तासाला चार ते सहा वेळा फिरलं पाहिजे असा सर्वसाधारण अंदाज धरतात. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे १६० लिटर बसतं, म्हणजे निदान ६४० तरी हवेत. ३०० मिळत असतील आणि टाकीत गोल्डफिश असतील तर तो फिल्टर परतच करा. धार चांगली आणि आवाज थोडा, की आवाज शून्य आणि धार मरतुकडी? मी पहिला घेईन.

ही मोजणी स्वच्छ पाण्याच्या बादलीत करा, टाकीत नको. एकदा फिल्टरमध्ये टाकीचं पाणी गेलं की तो 'वापरलेला' झाला. आजारी माशांच्या टाकीवर चालवलेला फिल्टर नवा म्हणून परत करणं तर सरळ पाप आहे, ओल्या स्पंजातून रोग पुढच्याच्या घरी जातो. उलटही तपासा. तुमच्याकडे आलेल्या 'नव्या' फिल्टरच्या खाचेत वाळू दिसली किंवा डब्याला कुबट वास आला तर तो कुणाचा तरी परत आलेला माल आहे. चालवूनही बघू नका.

मासे आधीच टाकीत असतील तर

परतीची खरी किंमत इथे मोजावी लागते. फिल्टर काही आठवडे चालला असेल तर माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे जीवाणू त्याच्या मीडियावर वाढलेले असतात. नव्या टाकीत हे बस्तान बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. फिल्टर खोक्यात घालून दिला आणि नवा यायला आठवडा लागला तर पाणी बिघडून मासे दगावू शकतात. त्यामुळे चालू टाकीतला एकुलता एक फिल्टर काढायचाच असेल तर आधी दुकानातून साधा स्पंज फिल्टर आणि एअर पंप आणून लावा, काहीशे रुपयांत काम होतं. मीडिया स्वतःचा असेल तर टाकीच्याच पाण्यात ओला ठेवा. नळाखाली धुतला तर क्लोरीन ते जीवाणू मारतं. फिल्टरसोबत आलेला मीडिया मात्र परत करताना द्यावा लागतो, म्हणजे जीवाणूही गेले. अशा वेळी किरकोळ दोषासाठी परत करण्यापेक्षा सुटा भाग मागवणं परवडतं.

हीटर

इथे मी दयामाया दाखवत नाही. काचेच्या नळीच्या आतून दमटपणा दिसला, केबल जिथे आत शिरते तिथलं रबर सैल असलं किंवा सेट केलेल्या तापमानापेक्षा थर्मामीटर तीन अंशांनी वर गेला तर परत. फिल्टर बंद पडला तर तुम्हाला काही तास मिळतात. हीटरचा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान गाठल्यावर तो बंद करणारा भाग, चिकटला तर रात्रीत मासे शिजतात, आणि वायर उघडी पडली तर पुढचा नंबर पाण्यात हात घालणाऱ्याचा. एक-दोन अंशांचा फरक चालतो, डायल तेवढी मागे घ्यायची. चाचणी बादलीत, हीटर पूर्ण बुडवून, आणि बंद केल्यावर पंधरा मिनिटं पाण्यातच ठेवून. कोरडा चालू केला तर काच तडकते आणि मग दोष तुमचा.

वॉट चुकीचे मागवले असतील तर पॅकिंग न फोडता परत करा. लिटरला एक वॉट हा ढोबळ हिशेब पुरतो. ५७ लिटरच्या दोन फुटी टाकीला ३०० वॉटचा हीटर 'जास्त आहे, चालेल' म्हणून ठेवू नका. मुंबईत तर बहुतेकांना हीटर वर्षातून थोडेच दिवस लागतो. नाशिक-निफाडच्या थंडीत मात्र तो लागतोच, आणि तिथे डिसेंबरात बदली हीटरची वाट बघणं धोक्याचं. तेव्हा चाचणी दिवाळीच्या आसपास उरकून घ्या.

लाइट, एअर पंप, काच

लाइट परत करणं सगळ्यात सोपं, कारण तो भिजत नाही. रंग आवडला नाही एवढ्यासाठीही पाठवता येतो, विक्रेत्याचं धोरण तसं असेल तर. एअर पंपाची घूं घूं बहुतेकदा फळीची असते. खाली फोमचा तुकडा घाला, मग ठरवा.

काचेची टाकी ऑनलाइन घेतली आणि तडकली तर बदली मागू नका, पैसे मागा. दुसरी टाकीही त्याच खड्ड्यांतून येणार आहे. गावातला काचवाला मापाने टाकी करून देतो आणि गळली तर घरी येऊन सिलिकॉन मारतो.

अमेरिकेतल्या भावाने तिथल्या साइटवरून पंप घेऊन ठेवला असेल तर तो तिथेच परत करायला सांगा. तिकडे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० आणि ५०. साध्या कन्व्हर्टरने व्होल्ट जमतात, हर्ट्झ तेच राहतात, आणि एसी पंपाची मोटर मंद फिरते.

ऑनलाइन की दुकान

क्रॉफर्ड मार्केटमधला माशांच्या सामानाचा दुकानदार पैसे सहसा परत देणार नाही, पण काउंटरवरच इंपेलर बदलून देईल. ऑनलाइन विक्रेता पैसे देईल, इंपेलर देणार नाही. त्यामुळे सुटे भाग लागणाऱ्या वस्तूंमध्ये मला दुकान परवडतं, आणि लाइट-टायमरसारख्या वस्तूंमध्ये ऑनलाइन.

'आवडलं नाही' म्हणून परत करण्याचा कायदेशीर हक्क आपल्याकडे नाही, ते विक्रेत्याच्या धोरणावर. पण सदोष वस्तू किंवा जाहिरातीत सांगितलं त्यापेक्षा वेगळी वस्तू परत घ्यायला ई-कॉमर्सच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार विक्रेता नकार देऊ शकत नाही. 'नॉन-रिटर्नेबल' असा शिक्का असला तरी. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. तसं झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. बादलीतल्या मोजणीचा व्हिडिओ आणि लेबलचा फोटो इथे उपयोगी पडतो. देताना फिल्टर पूर्ण वाळवा आणि सक्शन कपसुद्धा मोजून घाला, पिकअपवाला एक कप कमी म्हणूनही परत जातो.

कधी कधी विक्रेता 'थोडे पैसे परत देतो, वस्तू ठेवा' म्हणतो. लाइटवर ओरखडा असेल, फिल्टरच्या झाकणाची क्लिप ढिली असेल तर घासाघीस करून घ्या. हीटरला आणि तडा गेलेल्या कॅनिस्टरला अशी सूट कितीही मिळाली तरी नको.