पहिलं विमान कोणतं: टीएफ-५१डी की सु-२५टी?

डीसीएस वर्ल्ड हा संगणकावरचा विमान उडवण्याचा खेळ फुकट डाउनलोड केला की दोन विमानं सोबत येतात. नवशिक्यांचा हात आधी सु-२५टी या रशियन लढाऊ जेटकडे जातो. साहजिक आहे, त्याला बॉम्ब आहेत, क्षेपणास्त्रं आहेत. टीएफ-५१डी म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या मस्टँगचं प्रशिक्षणाचं रूप. त्यात एक गोळीसुद्धा नाही.

तरी मी आधी मस्टँगच सुचवेन. त्याच्या कॉकपिटमधली बटणं माउसने दाबता येतात, त्यामुळे इंजिन सुरू करण्याचा क्रम हातात बसतो. खरी परीक्षा धावपट्टीवर. थ्रॉटल (इंजिनाची ताकद वाढवायचा दांडा) एकदम पुढे ढकललंत तर नाक डावीकडे ओढलं जातं आणि तुम्ही थेट गवतात! थ्रॉटल हळूहळू वाढवायचं, उजवा रडर (शेपटीवरचं, नाक डावी-उजवीकडे वळवणारं पातं) देत राहायचं, आणि सुरुवातीला स्टिक मागे ओढून धरायची, म्हणजे शेपटीचं चाक सरळ राहतं. माझी पहिली सात-आठ उड्डाणं गवतातच संपली.

सु-२५टीला तीन चाकं, नाकाखाली एक, त्यामुळे ते सरळ धावतं. पण हवेत जड, सुस्त. कॉकपिट माउसला दाद देत नाही, सगळं कीबोर्डवर. श्क्वाल कॅमेऱ्याने रणगाडा पकडायचा, लेझर लावायचा, मग विखर क्षेपणास्त्र सोडायचं. मजा आहे, पण कळा पाठ होईपर्यंत बोटांची तारांबळ उडते.

जॉयस्टिक घेणार असाल तर दांडा पिळून रडर देता येईल अशी घ्या. मस्टँगला ती लागतेच.