म्युलर फ्रेरचा जुना टेबल-दिवा : आठ महिने रोज लावल्यानंतर

फ्रान्समधल्या नान्सीत राहायला आल्यापासून येता-जाता स्तानिस्लास चौकातली झाँ लामूरची लोखंडी दारं बघतोय. काम १७५०च्या दशकातलं, पण लोखंड असं वळवलंय की वेलच वाटावी. पुढे याच शहरात दोम या काच-कारखान्याच्या काचेसाठी माजोरेल या कारागिरानं लोखंड घडवलं. हे बघूनच जुन्या दिव्यांचा नाद लागला आणि डिसेंबरात ‘म्युलर फ्रेर, ल्युनेव्हिल’ (म्हणजे नान्सीजवळच्या ल्युनेव्हिलचे काचकार म्युलर बंधू) अशी सही असलेला १९२०च्या दशकातला टेबल-दिवा घेतला. ४२० युरो पडले. दोमची सही असती तर तेवढ्यात मिळालाच नसता.

बैठक ठोकून घडवलेल्या लोखंडाची, हातोडीचा एकेक ठोका बोटाला लागतो. वर उलट्या धोतऱ्याच्या फुलासारखी काच. दिवसा ही काच गढूळ दिसते, केशरी-जांभळी, थोडी मळकटच. पण दिवा लागला की केशरी रंग आतून पेटतो, जांभळे ढग सुटे होतात आणि मधले बारीक बुडबुडे दिसायला लागतात. तापलेला काचेचा गोळा रंगीत काचेच्या पुडीवर लोळवायचा, त्यावर पारदर्शक काच चढवायची आणि मग फुंकायचं, अशी ही रीत. रंग वरून दिलेला नाही, काचेच्या पोटात आहे. म्हणून माझं ठाम मत आहे, असा दिवा न पेटवता विकत घेऊच नये.

बल्बनं मात्र मला दोन आठवडे छळलं. पांढऱ्या एलईडीत काच मेल्यासारखी दिसली. पारदर्शक फिलामेंट बल्बनं एकाच जागी झगझगीत ठिपका पडला. शेवटी २७०० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा, ४७० ल्युमेनचा दुधी बल्ब लावला आणि दिवा खरा उजळला. होल्डर आपल्या घरी असायचा तसाच दोन पिनांचा आहे. इथल्या जुन्या दिव्यांना तो बऱ्याचदा असतो.

वायरीच्या बाबतीत अजिबात हयगय करू नका. कापडी वेष्टणाच्या आतलं रबर वाकवताच भुगा होऊन पडलं. अंग सगळं लोखंडी आणि अर्थिंग नाही! इलेक्ट्रिशियनकडून तीन तारांची नवी वायर घालून घेतली, वरून कापडी वेष्टणाचीच, म्हणजे रूप बिघडत नाही.

विकणाऱ्यानं काच निर्दोष असल्याचं सांगितलं होतं. घरी काच धरून ठेवणाऱ्या कड्याचे तीन स्क्रू सोडवले तर आत नखाएवढा टवका उडालेला. कडं लावलं की तो झाकला जातो, पण मला फसवलं गेलं याचं अजून वाईट वाटतं. दुकानातच कडं काढून दाखवायला सांगा. स्क्रू काचेला टेकले की थोडे मागे फिरवायचे. काच आणि लोखंड सारखं फुगत नाही, आवळून ठेवलं तर तडा जातो.

सुरुवातीला बैठक ओल्या फडक्यानं पुसायचो. आठवड्यात हातोडीच्या खळग्यांमधून तांबूस गंज डोकावला. आता कोरडा ब्रश आणि वर्षातून दोनदा मेणाचं पॉलिश. काळसर झाक घासून काढायची नाही, तीच त्याचं वय आहे.

वाचायला हा उजेड पुरत नाही. हिवाळ्यात पाचच्या आत अंधारायचं तेव्हा ही दिवेलागण रोज घड्याळ बघून व्हायची. आता उन्हाळ्यात उशिरा अंधारतं, म्हणून रात्रीचे दहा वाजत आले की लावतो आणि झोपताना सगळ्यात शेवटी मालवतो.