विमानासाठी गाळ्यावर घेतलेला ओव्हरड्राफ्ट: दहा महिन्यांचा अनुभव

मार्च २०२५ मध्ये कर्ज मंजूर झालं, सप्टेंबरमध्ये विमान नावावर झालं, आणि आता जानेवारी २०२६ संपत आलाय. इतके दिवस वापरल्याशिवाय कर्जाबद्दल लिहू नये असं मी ठरवलं होतं. मंजुरीच्या दिवशी सगळीच कर्जं चांगली वाटतात.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये माझं छोटं सीएनसी वर्कशॉप आहे. प्रायव्हेट पायलट लायसन्स काढून सहा वर्षं झाली. इतकी वर्षं दुसऱ्याचं विमान तासावर घेऊन उडवत होतो. मग ओळखीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी त्यांचं सेसना १७२ विकायला काढलं. १९८०च्या दशकातलं विमान, १६० अश्वशक्तीचं लायकमिंग इंजिन, भारतात नोंदलेलं, सगळी लॉगबुकं जपून ठेवलेली. किंमत ७८ लाख ठरली. माझ्याकडे १८ होते. उरलेले ६० लाख देणारा शोधायला मला साडेचार महिने लागले.

कुणी छोटं विमान घ्यायच्या विचारात असेल तर त्याने व्याजदराची तुलना मागाहून करावी. आधी पैसे कुठल्या पद्धतीने हातात येणार आहेत ते विचारावं. मी स्वतः व्याजदरापासून सुरुवात केली आणि त्यात दोन महिने घालवले.

सुरुवातीला वाटलं होतं की गाडीसारखंच असेल: विमान तारण, कागद बँकेकडे, हप्ते चालू. अमेरिकेत तसं चालतं. तिथे विमानाच्या मालकीचा आणि त्यावरच्या बोजाचा शोध ओक्लाहोमा सिटीच्या नोंदणी कार्यालयात घेता येतो आणि विमानावरच दहा-पंधरा वर्षांचं कर्ज देणाऱ्या संस्था आहेत. आपल्याकडे मोठ्या विमानांसाठी अशी सोय आहे, पण छोट्यांना ती लागू होत नाही. केपटाऊन करार या आंतरराष्ट्रीय कराराखाली कर्ज थकलं तर सावकाराला विमानाची नोंदणी रद्द करून ते देशाबाहेर नेण्याचा हक्क मिळतो. भारत २००८ मध्ये त्या करारात आला आणि २०२५ मध्ये संसदेने त्यासाठी वेगळा कायदाही केला. पण तो करार लागू व्हायला विमान चालक दलासह किमान आठ माणसांचं किंवा २,७५० किलोपेक्षा जास्त माल नेणारं असावं लागतं. माझं विमान चार माणसांचं, उड्डाणाच्या वेळी जास्तीत जास्त १,०८९ किलो. विमानांना कर्ज देणाऱ्या एका कंपनीतल्या मुलाने हे मला फोनवर नीट समजावून सांगितलं, नाहीतर मी अजूनही 'विमान कर्ज' शोधत बसलो असतो. त्यांची किमान रक्कमच माझ्या विमानाच्या कितीतरी पट होती, तरी त्याने वीस मिनिटं दिली. त्याचे आभार.

मग उरले तीन रस्ते. म्युच्युअल फंडावर कर्ज झटपट मिळत होतं, पण इक्विटी फंडाच्या निम्म्यापर्यंतच. शिवाय त्या फेब्रुवारीत बाजार रोज खाली येत होता. तारण कमी पडलं की लगेच पैसे भरा नाहीतर युनिट्स विकू, ही टांगती तलवार मला नको होती. दुसरा रस्ता पाचपाखाडीतल्या राहत्या घराचा. बायकोने पहिल्याच दिवशी सांगितलं, "अहो, घर सोडून काय ते ठेवा." ते मला पटलं आणि आजही पटतं. राहिला वर्कशॉपचा गाळा.

इथे एका वित्त कंपनीने माझे सहा आठवडे खाल्ले. ३५ हजार प्रोसेसिंग फी आणि त्यावर जीएसटी आधी भरून घेतला. मूल्यांकन झालं, वकिलाचा अहवाल झाला, आणि शेवटी उत्तर आलं की कर्जाचा हेतू पॉलिसीत बसत नाही. हेतू मी पहिल्या अर्जातच 'वैयक्तिक वापरासाठी विमान खरेदी' असा स्वच्छ लिहिला होता. फी परत मिळाली नाही. याउलट नौपाड्यातल्या एका सहकारी बँकेच्या व्यवस्थापकांनी पाच मिनिटांत सांगितलं, "साहेब, आमच्याकडे हे होणार नाही, तुमचा वेळ घालवत नाही." नकार दोन्हीकडून आला, पण त्या बँकेत मी आजही मान वर करून जातो. हेतू लपवा, 'घरदुरुस्ती' लिहा, असा सल्लाही मला एका एजंटाने दिला. तो मी ऐकला नाही, कुणीच ऐकू नये. उद्या खात्यातून विमान विकणाऱ्याच्या नावाने रक्कम गेली की ते खोटं उघडं पडतं.

शेवटी ज्या बँकेने कर्ज दिलं तिच्या शाखेतल्या मॅडम स्वतः गाळ्यावर आल्या. मशीन पाहिली, तीन वर्षांची विवरणपत्रं पाहिली आणि मग विचारलं, "विमान ठेवणार कुठे?" धुळ्याला, म्हटलं. मुंबई-आग्रा महामार्ग ठाण्यातूनच जातो. पहाटे निघालं की कसारा घाट, नाशिक, मालेगाव करत सकाळी धुळं. "आणि इंजिन किती चाललंय?" हा प्रश्न मला तोवर एकाही सावकाराने विचारला नव्हता. दोन हजार तासांना ओव्हरहॉल (इंजिन पूर्ण उघडून दुरुस्ती), त्यातले चौदाशे झालेत, असं सांगितलं. त्यांनी वहीत 'बाकी ६००' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. मग म्हणाल्या, "म्हणजे पुढच्या काही वर्षांत मोठा खर्च आहे. सगळी ऐपत हप्त्यात घालू नका." कर्ज विकायला आलेल्या माणसाकडून हे ऐकायला मिळालं, तिथेच माझा निर्णय झाला.

त्यांनी दोन पर्याय ठेवले. साधं टर्म लोन, किंवा ड्रॉपलाइन ओव्हरड्राफ्ट. मर्यादा दोन्हींत ६० लाख, मुदत दहा वर्षं, व्याज ९.९ टक्के, म्हणजे रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ६.२५ अधिक ३.६५. टर्म लोनमध्ये सगळी रक्कम एकदम हातात येते आणि त्या दिवसापासून व्याज सुरू होतं. ओव्हरड्राफ्टमध्ये मर्यादा दर महिन्याला ५० हजारांनी उतरते आणि जेवढे पैसे उचलले तेवढ्यावरच, तेवढ्याच दिवसांचं व्याज.

विमान खरेदीत हा फरक मोठा का पडतो ते सांगतो. जुनी गाडी दोन आठवड्यांत नावावर होते. विमानाचं तसं नसतं. आधी बयाणा, मग परवानाधारक इंजिनिअरकडून तपासणी, लॉगबुकं, मग करार, मग ई-जीसीएवर (विमान वाहतूक महासंचालनालयाच्या पोर्टलवर) मालकी बदलाचा अर्ज, विमा, मग बाकी रक्कम. आम्ही एप्रिलमध्ये ८ लाख बयाणा दिला, तो माझ्या खिशातून. जूनमध्ये करार झाला तेव्हा ४० लाख दिले: १० माझे, ३० ओव्हरड्राफ्टचे. शेवटचे ३० नावावर झाल्यावर द्यायचे होते. आमच्याकडूनच एक कागद अपुरा गेला होता म्हणून ते सप्टेंबरवर गेलं. टर्म लोन घेतलं असतं तर मार्चपासून, निदान सुरुवातीला, दरमहा ४९,५०० रुपये नुसतं व्याज गेलं असतं, विमान नावावर नसताना. त्याऐवजी जूनपर्यंत मी शून्य भरलं आणि नंतरचे तीन महिने साधारण २३-२४ हजार.

आता खोट. मंजुरीपत्रात लिहिलं होतं की मर्यादा पहिल्या महिन्यापासून उतरेल, पैसे उचला किंवा नका उचलू. मी ते वाचलं होतं, पण त्याचा हिशेब मांडला नव्हता. सप्टेंबरपर्यंत सहा वेळा ५० हजार उतरले आणि ६० ची मर्यादा ५७ झाली. ३० आधीच उचललेले, शेवटचे ३० द्यायचे, खात्यात फक्त २७. विकणाऱ्या काकांना सोमवारी पैसे द्यायचा शब्द दिला होता. शुक्रवारी रात्री बायकोने मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवलेली एफडी मोडायला काढली. ती काही बोलली नाही, पण तिने पावती कपाटातून काढून टेबलावर ठेवली तो क्षण मी विसरणार नाही. दिवाळीत एका ग्राहकाचे पैसे आले तेव्हा सगळ्यात आधी ती एफडी पुन्हा केली. तुम्ही हा प्रकार घेणार असाल तर खरेदीला किती महिने लागतील ते धरून तेवढ्या महिन्यांची उतरण मर्यादेत आधीच मिळवा. मी ६४ लाख मागायला हवे होते, आणि गाळ्याच्या किमतीत ते सहज बसत होते.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. वागळे इस्टेटची जमीन एमआयडीसीच्या ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याची, त्यामुळे तारण ठेवायला एमआयडीसीची संमती आणि गाळ्यांच्या सोसायटीचं ना-हरकत पत्र दोन्ही लागलं. गाळा आम्हा दोघांच्या नावावर, म्हणून बायको सहकर्जदार. तारणाची नोटीस ऑफ इंटिमेशन दुय्यम निबंधकांकडे ३० दिवसांत दाखल करायची असते. ती तारीख स्वतः लक्षात ठेवा. गाळा तारण असूनही बँकेने विमानाच्या विम्यात स्वतःचं नाव घालायला लावलं, ते मला रास्त वाटलं.

व्याजाच्या बाबतीत नशीब चांगलं निघालं, आणि त्यात एक नियम कामी आला. बँकांना व्यक्तींच्या फ्लोटिंग (बदलत्या दराच्या) कर्जाचा दर रेपोसारख्या बाहेरच्या मानकाशी जोडावा लागतो आणि किमान तीन महिन्यांतून एकदा बदलावा लागतो. वित्त कंपन्यांवर ते बंधन नाही. रेपो एप्रिलमध्ये ६, जूनमध्ये ५.५ आणि डिसेंबरमध्ये ५.२५ वर आला. माझा दर सप्टेंबरात ९.१५ होता, या जानेवारीत ८.९ झाला. मी एकही अर्ज केला नाही. माझ्या एका मित्राने त्याच सुमारास वित्त कंपनीकडून घराच्या तारणावर कर्ज घेतलं; त्याचा दर अजून आहे तिथेच आहे आणि तो दर महिन्याला फोन करतोय.

सध्या व्याज आणि उतरण मिळून महिन्याला ९१-९२ हजार जातात. आकडा लहान नाही. विमान उभं असलं तरी तो जातोच, आणि हँगर, विमा, दर तासाला साधारण तीस लिटर ॲव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) हे सगळं वेगळं. हा आकडा घरात दोघांनी कागदावर मांडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पण या कर्जाची खरी परीक्षा डिसेंबरात झाली. वार्षिक एअरवर्दिनेस रिव्ह्यूच्या आधी इंजिनिअरने कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर हवेचा दाब किती धरून ठेवतात, ते तपासलं. तीन सिलिंडर सत्तरच्या पुढे, चौथा ८० पैकी ५४. त्याने एक्झॉस्टजवळ कान लावायला सांगितला. प्रोपेलर धरून ठेवलेला, आणि आत वारा सुसावत होता, कुकरची शिटी बसायला आल्यावर येतो तसा बारीक आवाज. एक्झॉस्ट वाल्व्ह गळत होता. सिलिंडर बदलायचा म्हणजे सुटा भाग, मजुरी, वाहतूक धरून तीन लाखांच्या घरात. नोव्हेंबरात आलेली ९ लाखांची एक रक्कम मी ओव्हरड्राफ्टमध्येच ठेवली होती. त्याने रोजचं सव्वादोनशे रुपयांच्या वर व्याज वाचत होतं. त्यातले तीन लाख त्याच दुपारी काढले आणि सिलिंडरची ऑर्डर दिली. टर्म लोन असतं तर ते ९ लाख मी बहुतेक कर्जात भरून टाकले असते आणि ते परत निघाले नसते. मग मी कदाचित इंजिनिअरला विचारलं असतं, अजून वीस तास चालेल का? हा प्रश्न विचारायची वेळ माझ्यावर आली नाही, यासाठी मी या कर्जाचा सगळ्यात जास्त ऋणी आहे. हप्त्यापायी देखभाल पुढे ढकलणारा मालक मला कधीच व्हायचं नव्हतं. (धंद्याचे पैसे असे फिरवत असाल तर सीएला विचारून नोंदी स्वच्छ ठेवा. माझी प्रोप्रायटरी, म्हणजे एकट्याच्या मालकीचा धंदा, आहे म्हणून सोपं गेलं.)

विमान परदेशातून आणायचा विचार असणाऱ्यांसाठी एक गोष्ट. वैयक्तिक वापराच्या विमानावर आधी २८ टक्के जीएसटी आणि वर ३ टक्के सेस होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून सरळ ४० टक्के झाला. इथे आधीच नोंदलेलं विमान एखाद्या खासगी मालकाकडून मिळालं तर ते आधी पाहा.

विमान पाच आठवडे उभं होतं. गेल्या शनिवारी नवीन सिलिंडरवर पहिलं उड्डाण केलं, एकट्याने, धुळ्याभोवतीच पन्नास मिनिटं. उतरल्यावर इंजिनिअरने काऊलिंग (इंजिनावरचं झाकण) उघडून तेल कुठे झिरपतंय का ते पाहिलं. कुठेही नव्हतं. मार्चमध्ये ओव्हरड्राफ्टचं वार्षिक नूतनीकरण आहे. विवरणपत्रं, विम्याची प्रत, सोसायटीच्या देखभालीची पावती अशी फाइल लावून ठेवली आहे. मॅडमची बदली झाली असं कळलं. नवीन साहेबांना विमानाची लॉगबुकंही दाखवायला घेऊन जाणार आहे, त्यांनी मागितली नसली तरी.