कोजागिरीला कोरियन पितर जेवण, राजारामपुरीतल्या कॅफेत

२०२५ ची कोजागिरी ६ ऑक्टोबरला होती अन त्याच दिवशी कोरियाचा चुसॉक पण, म्हणजे त्यांच्या आठव्या चांद्र महिन्यातली पौर्णिमा, तर आमच्या पोरीच्या हट्टापायी राजारामपुरीतल्या एका छोट्या कोरियन कॅफेत स्पेशल थाळी खायला गेलो.

सोंगप्योन लय भारी! तांदळाच्या पिठाची अर्धचंद्र करंजी समजा, आत तीळ आणि गोड सारण, वाफवलेली, चव आपल्या उकडीच्या मोदकाच्या जवळची पण जरा चिवट. तिकडं ती पाईनच्या पानांवर वाफवतात म्हणून वास लागतो, इथं तो नव्हता, कोल्हापुरात पाईन कुठनं आणणार म्हणा. अळकुड्यांचं सूप मात्र बेचव, अर्धं सोडलं.

तक्रार एकच. मेन्यूवर 'पूर्वजांचा नैवेद्य' लिहिलंय आणि पनीरच्या पॅटिसवर लाल गोचुजांग, म्हणजे कोरियन मिरचीची पेस्ट, ओतलेलं! चुसॉकला सकाळी घरात चार्ये करतात, नव्या तांदळाचा भात, फळं, दारू मांडून पूर्वजांना वाकून नमस्कार, आणि त्या पानात मिरचीपूड नि लसूण घालत नाहीत. आमच्या आईला हे सांगितलं तर म्हणाली, आपल्याकडं पण पितरांच्या पानाला कांदा-लसूण नसतोच की! तिकडं पूर्वजांच्या कबरीवरचं वाढलेलं गवत कापायला घरचे सगळे जातात हे ऐकून ती जरा गप्पच झाली.

सर्व्हिस स्लो, पण पोरं बोलायला गोड. सोंगप्योनसाठी परत जाईन, थाळीसाठी नाही. पाचात साडेतीन.